आधी तास मोजा, मग घर शोधा : प्रौढ दिव्यांग भावाच्या राहण्याची सोय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व, गोळ्या चालू असूनही वर्षातून दोन-तीनदा फिट येते. आई ७१ वर्षांची, बाबा ७६ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. नौपाड्यात जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर, आणि ती इमारत आता पुनर्विकासाला जाणार. तुम्ही नेरूळला, नोकरी आणि घर सांभाळून शनिवार-रविवारी ठाण्याला ये-जा करता. तुम्ही विचारलंय : 'ठाणे-नवी मुंबईत एखादी चांगली संस्था सुचवा, की तो स्वतंत्र राहू शकेल? आणि हे त्याला सांगायचं कसं?'

ताई, संस्थेच्या नावापासून सुरुवात केली तर उत्तर चुकेल, म्हणून थोडं मागे जाते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तो कोणत्या छपराखाली राहील हा एक, आणि त्याच्या हाताशी कोण असेल हा दुसरा. निवासी संस्था दोन्ही एकाच पॅकेजमध्ये देते, म्हणून कुटुंबं दोन्हीचा निर्णय एका दमात करून टाकतात. पुढे तिथला मदतनीस वाईट निघाला तर भावाला घरही सोडावं लागतं. घर हातचं गेलं तर ओळखीची माणसंही जातात. घर एका हाताने आणि आधार दुसऱ्या हाताने उभा केला, तर एक बिघडलं तरी दुसरं टिकतं. पुढचं सगळं याच एका विचारावर बेतलेलं आहे.

'स्वतंत्र राहणं' म्हणजे एकट्याने सगळं करणं, असं कृपया धरू नका. कधी उठायचं, काय घालायचं, दारात आलेल्याला आत घ्यायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवता येतंय आणि जिथे अडतं तिथे माणूस हाताशी आहे, तर तो स्वतंत्र राहतोय. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ५ हेच सांगतं : दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. म्हणजे 'संस्थेतच ठेवावं लागेल' हा पर्यायांपैकी एक पर्याय झाला, नियम नव्हे.

आता पहिलं काम. सलग दोन आठवडे वही ठेवा. आई-बाबांना लिहायला सांगू नका, त्यांना स्वतःची मदत दिसतच नाही. तीस वर्षं शर्टाची बटणं लावून दिली की ते काम वाटेनासं होतं. तुम्ही दोन शनिवार-रविवार बसून लिहा, मधल्या दिवसांचं फोनवर विचारून भरा. प्रत्येक कामापुढे चारपैकी एक खूण करा : स्वतः करतो, आठवण केली की करतो, हात लावावा लागतो, दुसऱ्यानेच करावं लागतं. दात, आंघोळ, शौच, दाढी, कपडे, नाश्ता, गोळ्या, रस्ता ओलांडणं, दुकानातून एक वस्तू आणणं, फोन उचलणं, घरात अर्धा तास एकटं थांबणं. रात्रीचं पान वेगळं ठेवा. किती वाजता झोपतो, मध्ये उठतो का, उठला तर दार उघडायला जातो का, फिट झोपेत येते की जागेपणी. व्यवस्थेचा खर्च आणि आकार सगळ्यात जास्त हे रात्रीचं पान ठरवतं.

या वहीतून बहुतेक कुटुंबांना एक गोष्ट नव्याने दिसते. 'त्याला चोवीस तास माणूस लागतो' असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्याला खरी मदत सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तीन-चार तास लागते, दिवसा कामाचं ठिकाण लागतं आणि रात्री घरात झोपलेला एक माणूस लागतो. रात्री जागा माणूस आणि रात्री झोपलेला माणूस यांत फार मोठा फरक आहे. झोपेत फिट येत असतील किंवा तो दार उघडून बाहेर जात असेल तर जागा माणूस लागेल. नाहीतर शेजारच्या खोलीत झोपलेला पुरतो. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, अंदाजाने नको.

तास कळले की माणसांचा हिशेब. इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात, म्हणून सविस्तर सांगते. एका जागेवर वर्षाचे ३६५ दिवस माणूस हवा असेल आणि त्या माणसाला ५२ साप्ताहिक सुट्ट्या, शिवाय सण-आजारपण-गाव मिळून २० दिवस धरले, तर तो २९३ दिवस येईल. म्हणजे एका जागेसाठी सव्वा माणूस लागतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांना अडीच माणसं, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांना जवळजवळ चार. 'एक राहती बाई ठेवू' किंवा 'गावाकडचा एक मुलगा बोलावू' ही व्यवस्था यामुळेच मोडते. त्या माणसाचा स्वभाव वाईट असतो म्हणून ती मोडत नाही. तो आजारी पडतो, गणपतीला गावी जातो, आणि पर्यायी माणूस भावाला ओळखतच नसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून किमान दोन माणसं त्याला नीट ओळखणारी हवीत, एक रोजचा आणि एक आठवड्यातून एकदा हमखास येणारा. पूर्ण पाळ्यांचा खर्च एका कुटुंबाला झेपत नाही. चार कुटुंबांनी वाटून घेतला तर डोईमागे माणूस एकपेक्षाही कमी होतो. ग्रुप होमच्या कल्पनेमागचा खरा हिशेब एवढाच आहे.

पर्याय आता पाहू. सगळे सारख्या लांबीने सांगत नाही, कारण तुमच्या बाबतीत दोनच खऱ्या अर्थाने उपयोगाचे दिसतात.

पहिला, कुटुंबाच्याच ताब्यातलं घर आणि बाहेरून येणारा आधार. घर नौपाड्याचं असो वा नेरूळला तुमच्यापासून चालत दहा मिनिटांवर भाड्याने घेतलेलं. दिवसा तो कार्यशाळेत किंवा डे सेंटरला, सकाळ-संध्याकाळ मदतनीस, रात्री झोपणारा माणूस. तुमचं काम लक्ष ठेवण्याचं. हा पर्याय दिवसाच्या कामावर उभा राहतो. दिवसा जायला ठिकाण नसेल तर पगारी तास दुप्पट होतात आणि तो घरात चिडचिडा होतो. त्यामुळे आधी कार्यशाळेची जागा पक्की करा, मग तिच्या वाटेवर घर बघा. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे; प्रौढांसाठी सध्या काय मिळतं आणि कौशल्यांचं मूल्यमापन कुठे होतं, याची चौकशी या दोन ठिकाणांपासून सुरू करा.

दुसरा, छोटं ग्रुप होम : तीन-चार प्रौढ, सोसायटीतला साधा फ्लॅट, पाळीने मदतनीस. नॅशनल ट्रस्ट ही बौद्धिक दिव्यांगांसारख्या गटांसाठीची केंद्र सरकारची संस्था; तिची 'घरौंदा' योजना प्रौढांच्या सामूहिक निवासासाठीच आहे, आणि ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थांची जिल्हावार यादी मिळते. पण इथे पालकांनी मिळून सुरू केलेली घरंही चालतात, म्हणून त्यातल्या खाचखळग्यांबद्दल लिहिते. चारपैकी एका पालकाच्या मालकीचा फ्लॅट घेऊ नका. बाकी तिघांची मुलं मग त्यांच्या मर्जीवर राहतात, आणि ते पालक गेले की वारस फ्लॅट विकतात. भाड्याने घ्या किंवा सामाईक ट्रस्टच्या नावाने घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, पोलीस ठाण्यात माहिती द्यायची, आणि घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घरमालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कमिटीला राहायला जाण्याआधी भेटा. सामान लिफ्टमध्ये चढल्यावर पहिल्यांदा कळलं तर चांगली माणसंही बिथरतात. बोर्ड लावू नका, हे घर आहे. मात्र इतरांकडून पैसे घेऊन सेवा देणारी संस्था म्हणून चालवायचं ठरलं, तर २०१६ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, ती टाळू नका.

पालकांनी आपसात लेखी करार करावा. एक जागा रिकामी झाली तर तिचा खर्च कोण उचलणार, किती महिने? एखाद्याला बाहेर जायचं असेल तर सूचना किती आधी द्यायची? कोणाला रुग्णालयात ठेवावं लागलं तर तिथे थांबणारा माणूस घराचा की कुटुंबाचा? हे प्रश्न आधी लिहिले नाहीत तर मैत्री तुटते आणि मुलांचं घरही. सोबती निवडताना प्रमाणपत्रावरची टक्केवारी बाजूला ठेवा. झोपायची वेळ, टीव्हीचा आवाज, मासे-मटण की शाकाहार, कोणाला गोंगाट सहन होत नाही, कोण रात्री गातो, यावर जुळवा. एकत्र राहणं बिनसतं ते याच गोष्टींवरून.

तिसरा पर्याय निवासी संस्था. जिल्ह्यातच बदलापूरला 'आधार' आहे, ती बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांनीच उभी केली आणि प्रौढांना आयुष्यभर सांभाळते. मदत खूप जास्त लागत असेल, कुटुंबात लक्ष ठेवणारं कोणीच उरलं नसेल, तर चांगली संस्था हा प्रामाणिक पर्याय आहे, आणि तो निवडणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. तुमच्याकडे मात्र तुम्ही आहात आणि भाऊ बरंच स्वतः करतो. संस्थेच्या यादीत नाव नोंदवून ठेवणं आणि उद्याच पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आत्ता करता येईल.

संस्था बघायला जाल तेव्हा सकाळी अकराला कार्यालयात चहा घेऊन परत येऊ नका. संध्याकाळी सात ते नऊ तिथे असा. जेवण कोण वाढतं, कोणाचा हात कोण धरतं, कोण नुसतं भिंतीकडे बघत बसलंय, हे तेव्हा दिसतं. प्रत्येकाला स्वतःचं कपाट आणि स्वतःचे कपडे आहेत की ढिगातून वाटतात? संडासाला दार आहे का? रात्री किती माणसं जागी असतात, किती जणांमागे? गोळ्या कोण देतं, कुठे लिहितं, मागच्या महिन्याचं ते पान बघू शकते का? न सांगता भेटायला यायला चालेल का? 'पहिले तीन महिने कुटुंबाने भेटू नये, म्हणजे तो रमतो' असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. नोंदणी प्रमाणपत्र मागा, त्यावरची मुदत वाचा. मोठी अनामत रक्कम मागत असतील तर सहा महिन्यांत परत आणलं तर किती परत, हे कागदावर लिहून घ्या.

मानसिक आजार असलेल्या माणसासाठी मार्ग वेगळा आहे, तो इथे दोन ओळींतच सांगते, कारण तुमच्यासारखाच प्रश्न ते घेऊनही बरेच जण येतात. त्यांना मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू होतो. केवळ कुटुंब नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास), आश्रित व सहाय्यित निवासाची सोय शासनाने करायची असं त्यात लिहिलं आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. तिथल्या समाजसेवा विभागात किंवा इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारख्या ठिकाणी पुनर्वसनाची चौकशी करावी.

आता तुमच्या पुनर्विकासाकडे येते. तुम्हाला ते संकट वाटतंय, आणि घाईगर्दीत केलं तर ते आहेच. पण तीन-एक वर्षं भाड्याच्या घरात काढायचीच आहेत, तर ते घर नेरूळला तुमच्या जवळ घ्या, लिफ्टवालं किंवा तळमजल्याचं, आणि हाच प्रयोगाचा काळ समजा. आई-बाबा हयात असताना, सोबत असताना, व्यवस्था हळूहळू त्यांच्या हातातून मदतनिसाच्या हातात सरकवता येते. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नसते, त्या भाडं कमी म्हणून घेऊ नका. फिटनंतर गळालेल्या माणसाला जिन्यावरून उतरवणं धोक्याचं असतं.

आणि नव्या घराच्या अटी आराखडा मंजूर व्हायच्या आधीच लेखी मागा. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी ९०० मिमी. आपल्याकडे बिल्डर अडीच फुटी चौकट बसवतात, त्यातून चाकाची खुर्ची निघता निघत नाही. आज खुर्ची लागत नसली तरी तो पन्नाशीत असताना, किंवा आईलाच, लागू शकते. उंबरठा काढून टाकायचा, बाथरूमचा उतार आतल्या आत द्यायचा. कमोडची उंची ४५० ते ४८० मिमी. पकडदांड्यांसाठी कमोड आणि शॉवरजवळची भिंत पोकळ ब्लॉकची नको, तिथे भरीव वीट किंवा काँक्रीटचा पट्टा ठेवायला सांगा. नंतर लावलेली दांडी टाइलसकट उखडून येते. प्रवेशाला पायऱ्यांबरोबर १:१२ उताराचा रॅम्प, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. बाथरूमची कडी बाहेरून नाण्याने उघडता येणारी, दार बाहेर उघडणारं. आत फिट आली तर शरीर दाराला टेकतं आणि आत उघडणारं दार हलत नाही. गीझरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच. पुनर्विकासानंतर मिळणाऱ्या घराच्या, म्हणजे कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारात कोणाकोणाची नावं असणार हे वकिलाला विचारल्याशिवाय सही नको, आणि तो करार नोंदणीकृतच हवा.

स्वयंपाकघरात गॅसची भीती सगळ्यांना असते, आणि म्हणून त्याला स्वयंपाकघरातच येऊ देत नाहीत. गॅसचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, त्याला टायमरने आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी द्या. चहा, मॅगी, अंडं उकडणं, आयती पोळी गरम करणं एवढं आलं तरी संध्याकाळचा एक तास सुटतो. गोळ्यांसाठी आठवड्याचा खणांचा डबा, खण मदतनीस भरणार, उघडणार तो. फिटसाठी एक कागद दाराच्या मागे चिकटवा : वेळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आली तर १०८. आणीबाणीचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर ते कुठे आहे आणि किती द्यायचं, हेही त्यावर हवं.

नव्या मदतनिसाला देण्यासाठी भावाची एका पानाची ओळख मराठीत लिहा. होय-नाही कसं सांगतो, दुखतं तेव्हा काय करतो, कशाला घाबरतो, काय अजिबात खात नाही, चिडला तर काय केल्याने शांत होतो. पोलीस पडताळणी करा. आठवड्याची रोकड थोडीच, खर्चाची वही रोजची. महिन्यातून एकदा न कळवता जा. तो एखाद्या माणसाला बघून गप्प होत असेल, आंघोळीला अचानक नकार देत असेल, तर कारण शोधा. 'त्याचा मूड' म्हणून सोडून देऊ नका.

कागदपत्रांत क्रम महत्त्वाचा. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्यावरची मुदत बघा. लहानपणी काढलेलं तात्पुरतं प्रमाणपत्र संपलेलं असतं आणि ते गरजेच्या दिवशीच कळतं. मग पालकत्व. अठरा पूर्ण झाल्यावर आई-बाबा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालकाची गरज खरंच आहे का आणि कशापुरती आहे, हेही समितीने पाहायचं असतं, म्हणून अर्जात मोघम लिहू नका; बँक, पेन्शन, मालमत्ता असं नेमकं लिहा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात. आई-बाबा पालक झाले तरी त्यांच्यानंतर कोण, हे त्यांच्या इच्छेनिशी लेखी ठेवा.

इथे एक स्थानिक गुंता. नेरूळ, वाशी, ऐरोली, सीबीडी बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. सीबीडी ओलांडून खारघरला घर घेतलंत तर जिल्हा समिती बदलते, मुख्यालय अलिबागला जातं, महापालिकाही बदलते आणि तिच्या दिव्यांग योजनांसाठी रहिवासाचा पुरावा नव्याने लागतो. भाडं कमी म्हणून खारघर घेण्याआधी हे मोजा.

बाबांच्या पेन्शन आदेशात भावाचं नाव आत्ताच नोंदवून घ्या. अपंगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांनंतर हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. केंद्राच्या नियमांत त्याची किमान रक्कम ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता आहे. बाबा स्वतः अर्ज करतील तर काम सरळ होतं. ते गेल्यावर सिद्ध करत बसणं लांबतं. त्यासोबत नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा घ्या, वर्षाला एक लाखापर्यंतचा, आधीची तपासणी लागत नाही. नूतनीकरणाची तारीख तुमच्या फोनमध्ये टाका.

घर कोणाच्या नावाने ठेवायचं हा आई-बाबांना सगळ्यात बोचणारा प्रश्न. सोसायटीत नॉमिनी लावलं म्हणजे झालं, हा समज चुकीचा. नॉमिनी मालक होत नाही. सगळं तुमच्या नावाने करून 'ती बघेल' म्हणणं तुमच्यावर प्रेमाने टाकलेलं ओझं आहे, आणि उद्या तुम्हालाच काही झालं तर भावाचा हक्क कशावरच उरत नाही. सगळं थेट त्याच्या नावाने केलं तर विक्री-भाड्याच्या प्रत्येक वेळी पालकाला परवानगीची वाट. मधले दोन रस्ते आहेत. मृत्युपत्रात घर तुम्हाला पण भावाला हयातभर राहण्याचा हक्क. किंवा भावाच्या फायद्यासाठी खाजगी ट्रस्ट, ज्यात तुम्ही आणि कुटुंबाबाहेरची एक विश्वासू व्यक्ती विश्वस्त. रक्कम आणि मालमत्ता मोठी असेल, किंवा तुमच्यानंतर बघणारं कोणी नसेल, तर ट्रस्टचा खर्च आणि हिशेबाचा त्रास सार्थकी लागतो. एकच फ्लॅट आणि पेन्शन असेल तर पहिला रस्ता पुरतो. स्थावर मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकायची तर दस्त नोंदवावा लागतो. कर आणि मुद्रांक शुल्काचं गणित तुमच्या आकड्यांवर वकिलाकडून करून घ्या.

प्रयोगाबद्दल आग्रहाने एक सांगते. पहिली रात्र त्याला बाहेर पाठवून करू नका. तो घरीच राहू दे, मदतनीस सोबत, आणि आई-बाबांनी दोन रात्री तुमच्याकडे नेरूळला यावं. त्याची खोली, पलंग, खिडकी तीच. बदलली एकच गोष्ट. झोप, जेवण, शौच, फिट, चिडणं यांची रोज एक ओळ लिहा. मग चार रात्री, मग आठवडा, मग नवं घर. एका वेळी एकच बदल. सुरुवातीच्या आठवड्यांत तो मागे जाईल : पलंग ओला होईल, शिकलेलं विसरेल, दिवसातून दहा वेळा आईला फोन लावेल. तेवढ्यावरून 'त्याला जमत नाही' असा निकाल देऊ नका. पण फिट वाढल्या, जेवण तुटलं किंवा वजन उतरू लागलं तर थांबा, डॉक्टरांना दाखवा, मागच्या पायरीवर या.

त्याला सांगायचं कसं, तर आधी आई-बाबांनी सांगायचं, तुम्ही नाही. तुमच्याकडून आलं तर 'ताई मला नेतेय' होतं. आईकडून आलं तर घराचा निर्णय होतो. 'आम्ही नसताना' या वाक्याने सुरुवात नको, त्यातला काळ त्याला कळणार नाही आणि भीती मात्र कळेल. नव्या जागेचे फोटो दाखवा, ती जागा त्याला प्रत्यक्ष तीन-चार वेळा दाखवा, तिथे चहा प्या, परत या. कालनिर्णयच्या पानावर त्या-त्या रात्रींवर त्याच्याच हाताने खूण करू दे, आणि आई-बाबा परत येणार त्या दिवशी वेगळ्या रंगाची. चादर, भिंतीचा रंग, पलंग खिडकीजवळ की दाराजवळ, हे खरोखर त्याला ठरवू द्या आणि तो म्हणेल ते करा. किल्लीचा एक जुडगा त्याच्याकडे असू दे, हरवला तरी. तो नको म्हणाला तर कशाला नको म्हणतोय ते शोधा : जागेला, माणसाला, की रात्रीला. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि त्याला नीट विचारलं तर बहुधा तोच दाखवून देईल.